गरम बाजू

२ एप्रिल

पोचलो एकदाचे! बाहेर ऊन नुसतं आग ओकतंय आणि मला नोकरी मिळाली आहे ती गारठ्याची. मैत्रिणी जळून खाक होतील. शीतगृहाची ऑपरेटर, म्हणजे मटार, मासळी, लोणी असला माल ज्या मोठमोठ्या खोल्यांत ठेवतात, त्या खोल्या गार ठेवणारी यंत्रं सांभाळायची. आजवर स्कूटरवर हत्यारांची पिशवी टाकून दुकानादुकानांतले फ्रीज दुरुस्त करत हिंडले, आता एका जागी बसून पंख्याखाली काम. राहायला क्वार्टरही दिलं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि शीतगृहाला इतकं चिकटून की मागची भिंत आमची आणि त्यांची एकच. हात लावला तर थंडगार. बाबांनी लगेच आपली खाट त्या भिंतीला सरकवली आणि जाहीर केलं की या घरात कूलर लागणार नाही.

बाबा म्हणजे माझे वडील आणि माझे उस्तादही. जन्मभर त्यांनी फ्रीज दुरुस्त केले, मला पाना धरायला त्यांनीच शिकवलं. आता गुडघे आणि साखर दोन्ही बिघडल्यामुळे घरी बसतात, म्हणजे बसत नाहीत, माझ्या कामात नाक खुपसतात. आई मागच्या वर्षी गेली. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच आणि दिवसभर भांडण. आईचा राखाडी स्वेटर त्यांनी ट्रंकेत सगळ्यात वर ठेवला होता. एप्रिलमध्ये स्वेटर कशाला म्हणून मी ओरडले, तर म्हणाले, तुझ्या नोकरीचा काही भरवसा नाही.

त्यांच्या इन्सुलिनची विजेवर चालणारी डबी भिंतीजवळच्या फळीवर ठेवली. तिच्यात ना गॅस, ना कॉम्प्रेसर. दोन वेगळ्या पदार्थांच्या चकत्या जोडलेल्या, त्यातून वीज गेली की एक बाजू गार पडते आणि दुसरी तापते. मागे हात धरला की गरम झुळूक लागते. झुळूक लागते ना, असं विचारून बाबांनी मला लहानपणापासूनचा धडा पुन्हा ऐकवला. थंडी कुणी बनवत नसतं, ऊब उचलून दुसरीकडे नेऊन टाकायची एवढंच आपलं काम, हमालीच ती. त्यामुळे कुठलंही यंत्र बघताना आधी त्याची गरम बाजू शोधायची. मी म्हटलं, बाबा, मी आता ऑपरेटर आहे. ते म्हणाले, मग ऑपरेटरबाई, आधी चहा टाका.

४ एप्रिल

यंत्रघर आज नीट पाहिलं. जुनं आहे पण गुणी आहे. सगळा अमोनियाचा कारभार. खोल्यांच्या छताला नळ्यांची वेटोळी आहेत, त्यांत पातळ अमोनिया सोडतात. तो तिथल्या गारठ्यातसुद्धा उकळतो आणि उकळायला लागणारी ऊब खोलीतून ओढून घेतो. मग कॉम्प्रेसर त्या वायूला दाबून दाबून तापवतो, गच्चीवरच्या पाण्याच्या फवाऱ्याखाली ती गरमी निघून जाते, अमोनिया पुन्हा पातळ होतो आणि मुकाट कामाला लागतो. गच्चीवर उभं राहिलं की दमट वाफारा तोंडावर येतो. खालच्या मटारच्या अंगातून निघालेली ऊब आहे ती, हे आठवून मला हसू आलं.

इथले साहेब गोड बोलतात आणि काहीच सांगत नाहीत. खरी माहिती टोपीवालीकडे. मालाची आवकजावक तीच बघते. कान झाकणारी लोकरीची टोपी ती बाहेरच्या उन्हातसुद्धा काढत नाही, आणि आवाज असा की ट्रकवाले गाडी मागे घ्यायला तिच्या हाकेची वाट बघतात. बिल्ल्यांची पद्धत तिनेच समजावली. प्रत्येकाला नंबर कोरलेला एक पितळी बिल्ला. गार खोलीत शिरण्याआधी तो दाराशेजारच्या खिळ्याला अडकवायचा, बाहेर आलं की काढून घ्यायचा. दार लावणाऱ्याने आधी खिळा बघायचा. बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस आत. शहाणी पद्धत आहे, मला आवडली.

दुपारी बाबा चहा घेऊन यंत्रघरात आले ते तिथेच ठाण मांडून बसले. टोपीवालीने थट्टेने त्यांनाही एक सुटा बिल्ला देऊन टाकला. बाबांनी तो शर्टाला पिनेने लावला आणि घरी येताना छाती काढून चालले, बढती मिळाल्यासारखे.

७ एप्रिल

एक गंमत सापडली. खोल्या चार, पण कॉम्प्रेसरच्या नळ्या जातात तीनच खोल्यांना. चार नंबरच्या नळ्या कधीच कापून, तोंडं झाळून बंद केल्या आहेत. तरी चार नंबर गार. नुसती गार नाही, सगळ्यांत गार. हमाल दार उघडं टाकून माल काढत होते तेव्हाही काटा जागचा हलला नाही.

साहेबांना विचारलं, तर म्हणाले, जुनं बांधकाम आहे, भिंती जाड आहेत. मला काय कुक्कुलं बाळ समजतात? जाड भिंत उबेला आत यायला उशीर लावते, अडवून धरत नाही. आत आलेली ऊब कुणीतरी उचलून बाहेर टाकायलाच हवी. कोण टाकतंय?

आणि चार नंबरच्या खिळ्याला एक बिल्ला लटकलेला होता. मी धसकले. आत हाका मारत फिरले, थप्प्यांच्या मागे वाकून पाहिलं. कुणी नाही. टोपीवाली म्हणाली की तो आधीच्या ऑपरेटरचा, निवृत्त झाला तरी तिथेच आहे. मी म्हटलं, मग काढा की. तिने टोपी आणखी खाली ओढली आणि आज ट्रक उशिरा येणार आहे असं सांगायला लागली.

९ एप्रिल

बाबांना चार नंबरचं सांगितल्यापासून ते दहा वर्षांनी तरुण झाले आहेत. आज सुट्टी होती, दोघं मिळून डोकं लढवत बसलो.

आधी त्यांना आमच्या स्वयंपाकघरातल्या जुन्या फ्रीजचा संशय आला. तो गॅसच्या ज्योतीवर चालतो. आगीवर गारवा! ज्योत अमोनियाचं पाणी तापवते, अमोनिया पाण्यातून सुटून वर जातो, निवून पातळ होतो, मग आतल्या नळ्यांत पुन्हा उडताना ऊब ओढतो आणि शेवटी पाण्यातच विरघळतो. हलणारा एकही भाग नाही, त्यामुळे आवाज नाही. चार नंबरमागे अशी एखादी भट्टी दडवली असेल, बाबांचं म्हणणं. मी शीतगृहाला चारही बाजूंनी फेरी मारून आले. भट्टी नाही, धुराडं नाही, चार नंबरला तर दिव्यापलीकडे विजेची तारसुद्धा जात नाही.

मग बर्फ. पण बर्फाचं पाणी होतं आणि तिथली फरशी कोरडी ठणठणीत. पाणी न होता धूर होऊन उडणारा कोरडा बर्फ असता तर तो सतत आणून भरावा लागला असता, आणि त्याच्या वायूने बंद खोलीत हमाल गुदमरले असते. बाबांनी खिडकीत ओलं फडकं गुंडाळून ठेवलेली पाण्याची बाटली उचलली, तिला थोपटलं आणि म्हणाले, ही बघ, हिचं फडकं वाळतं. बर्फ विरघळतो. गॅस जळतो. गारवा फुकट नसतो, पोरी. एक तर काहीतरी तापतं, नाहीतर काहीतरी संपतं.

मी म्हटलं, चार नंबरला गरम बाजू नाही, एवढं नक्की.

मग काय संपतंय ते बघ, असं म्हणून ते बाटलीतलं पाणी प्यायले.

११ एप्रिल

बिल्ला काढला. कुणाला न विचारता. माणूस नसताना बिल्ला लटकत राहिला, तर ज्या दिवशी खरंच कुणी आत अडकेल त्या दिवशी कुणाचं लक्षही जाणार नाही. हे माझ्या कामातच बसतं. बिल्ला खिळ्याला चिकटून बसला होता, उपटावा लागला.

ज्याचा त्याला द्यावा म्हणून जेवणाच्या सुट्टीत घेऊन गेले. जुना ऑपरेटर समोरच्याच गल्लीत राहतो. भर उन्हात दोन स्वेटर घालून अंगणात बसला होता. त्याची सून सांगत होती की सासऱ्यांचा काही त्रास नाही, वाढलं ते खातात, काही मागत नाहीत, कशावर रागावत नाहीत. तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा सगळी माणसं रडत होती आणि यांनी विचारलं होतं, आज जेवायला काय आहे.

मी बिल्ला त्याच्या हातावर ठेवला. त्याने पाहिलं, मूठ मिटली. मी उठायला लागले तेव्हा तो बोटं चोळत होता. मग जोरजोरात चोळायला लागला. मग कळवळला. हात जळताहेत म्हणाला. आणि एकदम त्याने बायकोला हाक मारली, घरात स्वयंपाक करत असलेल्या माणसाला मारावी तशी. ओ आली नाही. तेव्हा त्याला कळलं. असं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. तीन वर्षांचं एकदम बाहेर आलं. सून घाबरून दारात उभी राहिली.

जरा शांत झाल्यावर त्याने माझं मनगट धरलं आणि विचारलं, आता तिथे कुणाचा आहे? मी म्हटलं, कुणाचा नाही. तो म्हणाला, मग आतली ती थंडी बाहेर येईल.

१३ एप्रिल

चार नंबरच्या दाराखालून दहिवर, गोठलेलं दव, बाहेर आलं आहे. पांढरी साय धरावी तसं, बोळभर. हमाल त्यावरून घसरत नाहीत, कारण हमाल तिकडे जातच नाहीत. दोघांची बोटं बधिर झाली, सुई टोचली तरी कळत नव्हतं. बाकीच्या तीन खोल्यांचे काटे खाली खाली चाललेत आणि गच्चीवरचा वाफारा बंद झाला आहे. फवाऱ्याचं पाणी जसं जातं तसं गार खाली येतं. इतकी ऊब उचलली जाते आहे आणि ती कुठेही निघत नाही. जगात असं यंत्र नसतं. मी बावीस वर्षं हे काम करते आहे आणि मला भीती वाटते आहे.

टोपीवालीने शेवटी तोंड उघडलं. जुना ऑपरेटर पूर्वी भारी गमत्या होता म्हणाली, त्याच्या नकलांनी पोट दुखायचं. त्याच्या आधीचाही तसाच. तिथे कुणाचा तरी एकाचा बिल्ला लागतो. एकाचा असला की ती त्या एकावर भागवते. मी चिडून विचारलं, मग साहेबांचा का नाही लावत? ती म्हणाली, साहेबांना बिल्लाच नाही. साहेब कधी आत जात नाहीत.

१४ एप्रिल

सकाळी उठून पाहिलं तर आमची मागची भिंत पांढरी. खाटेच्या बाजूने बाबांच्या उशीपर्यंत. बाबा आईचा स्वेटर घालून, गुडघे पोटाशी घेऊन पडले होते, ओठ निळे, आणि तरी मला म्हणाले, काय ग, म्हटलं नव्हतं तुझ्या नोकरीचा भरवसा नाही. त्यांना उचलून पुढच्या खोलीत आणलं. पाय चोळले. तळवे दगडासारखे.

फळीवरची डबी उघडली. इन्सुलिन गोठलं होतं. एकदा गोठलं की ते कामाचं राहत नाही. औषधाच्या दुकानातून नवीन आणलं, तोवर दुपार झाली. बाबांना मळमळत होतं, श्वास जोराने चालला होता. आई गेली तेव्हा मी रडले नव्हते, माणसांचा चहा, डॉक्टरांची धावपळ, मला वेळच नव्हता. आज औषधाच्या दुकानात रांगेत उभी राहून रडले. बाबा गेले तर मला कुणी उरत नाही.

साहेबांकडे गेले. म्हटलं, आम्ही नोकरी सोडून चाललो. साहेब म्हणाले, जरूर जा, पण ती आता भिंत ओलांडून आली आहे, रस्ता किती वेळात ओलांडेल हे मला सांगता येत नाही. तिथे ऑपरेटरचा बिल्ला असतो, पद्धत आहे.

जुन्या ऑपरेटरची सून आठवली. समोरच्या गल्लीतली लहान मुलं आठवली. आणि बाबांचे तळवे.

लावला. माझा. खिळ्याने तो लगेच धरला.

१५ एप्रिल

दहिवर गेलं. भिंत कोरडी आहे. गच्चीवर वाफारा आहे. हमाल कामावर आले.

मला काहीच झालेलं नाही. हातपाय जरा गार आहेत. बाबांना सांगितलं नाही. त्यांची साखर ताळ्यावर आली, जेवले, डाळीत मीठ कमी आहे म्हणून माझ्याशी भांडले. मी भांडले नाही. मीठ कमी असेल.

१८ एप्रिल

काम चांगलं चाललं आहे. पूर्वी मला अमोनियाच्या वासाने डोकं चढायचं, आता चढत नाही. बाबा तेच ते विनोद करतात. पूर्वी मी का हसायचे ते आठवत नाही.

मैत्रिणीचं पत्र आलं होतं. वाचलं. ठेवलं.

१९ एप्रिल

तवा हाताने उचलला. सांडशी बाजूलाच होती. करपल्याचा वास आला तेव्हा वाटलं पोळी करपली. हात होता.

बाबांनी हात धरून पाण्याखाली ठेवला, मलम लावलं, पट्टी बांधली. सारखे विचारत होते, दुखतंय का, दुखतंय का. नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. बहुतेक धुरामुळे.

माझा शर्ट चाचपून विचारलं, बिल्ला कुठे आहे. चार नंबरवर, मी सांगितलं. लपवण्यासारखं काही वाटलं नाही. सगळं सांगितलं. ते खाली बसले.

२१ एप्रिल

बाबा आईबद्दल बोलत होते. ती हाक कशी मारायची ते करून दाखवलं. मला तो आवाज ओळखता आला नाही. एक बाई होती. ठीक आहे.

बाबा म्हणाले, तुला कळतंय का काय संपतंय ते?

हो म्हटलं. कळत होतं. भात उतरवला.

२२ एप्रिल

बाबा चहा घेऊन यंत्रघरात आले. पायरीवर बसले. कप सांडला. घाम, थरथर, बोलणं अडखळत. साखर एकदम खाली गेली की असं होतं, लगेच गोड द्यायचं असतं. माझ्या खिशात साखरेची पुडी कायम असते.

मी बघत होते. त्यांची मान एका बाजूला कलली. कॉम्प्रेसरचा आवाज नेहमीसारखा होता.

टोपीवाली धावत आली. तिने माझ्या खिशातली पुडी काढून त्यांच्या तोंडात रिकामी केली. मग माझ्याकडे बघून ओरडायला लागली, तुमचा बाप आहे तो, उभ्या काय राहिलात. मी म्हटलं, देणारच होते.

देणारच होते. घाई वाटली नाही.

बाबा शुद्धीवर आले तेव्हा माझ्याकडे बघत होते. बराच वेळ.

२४ एप्रिल

बाबा म्हणाले, काढ तो बिल्ला आणि चल, आपण जाऊ. मी म्हटलं, काढला की ती बाहेर येते. भिंतीतून येते. गल्लीत येते. तुमचं औषध गोठतं. कुणाचा तरी लागतोच.

त्यांनी विचारलं, ऑपरेटरचाच लागतो, की कुणाचाही चालतो?

मी कपबश्या धूत होते.

चालत असावा, म्हटलं.

२५ एप्रिल

काही नाही.

हात काळा दिसतो. पट्टी सुटली होती. बाबांनी बांधली. बांधून झाल्यावर हात सोडला नाही. मी दुसऱ्या हाताने जेवले.

२६ एप्रिल

बाबांनी केस विंचरून दिले. लहानपणी द्यायचे म्हणाले. असेल —

डाळीत मीठ बरोबर आहे म्हणाले. चव घेतली. कळत नाही.

२७ एप्रिल

सकाळ. बाबा घरात नाहीत. पांघरुणाची घडी केलेली. आईचा स्वेटर खुंटीवर नाही.

टेबलावर चहा. बशीने झाकलेला. बशीवर एक बिल्ला. उचलून पाहिला, माझ्या नंबरचा.

माझा चार नंबरवर असतो. इथे कसा. टोपीवालीने आणून ठेवला असेल —

पेन नीट धरता येत नाही. बोटांच्या टोकांना मुंग्या येताहेत.

हाताला काहीतरी — पट्टीच्या आत —

दुखतंय. भाजलेलं दुखतंय. इतके दिवस नव्हतं दुखत

खूप दुखतंय

आई हाक मारायची ती — बाबांनी करून दाखवली होती, अगदी तशीच होती, अगदी तशीच, आणि मी भात —

पायरीवर बसले होते. माझ्याकडे बघत होते. पुडी माझ्या खिशात होती

चालत असावा, असं मीच म्हटलं. कपबश्या धुताना. मीच —

बाबांना एक दिवस सोसणार नाही. तळवे दगडासारखे झाले होते एका रात्रीत. नुसता बिल्ला लावला असेल. आत नसतील गेले. आत नका जाऊ बाबा

माझा परत लावते. त्यांचा उपटते आणि माझा —

कपाला हात लागला. चटका बसला. गरम आहे. चहा अजून गरम आहे, म्हणजे बाबा आत्ताच